नावांच्या भिंतीपुढे दहा मिनिटे पुरत नाहीत : मराठवाड्यातील परदेश सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी व हिंगोली येथील सर्व परदेश सहल आयोजक

विषय : सहलींच्या कार्यक्रमातून भारतीय युद्धस्मारके वगळल्याबाबत

स.न.वि.वि.

येत्या हंगामाची तुमची माहितीपत्रके हातात आली आहेत. पॅरिसहून ब्रसेल्सकडे जाणाऱ्या युरोप सहलींत फ्रान्समधले न्यूव्ह शापेलचे भारतीय स्मारक आणि बेल्जियममधल्या ईपरची मेनिन गेट ही स्मारक-कमान ही दोन ठिकाणे आपल्या भागातले काही आयोजक आजवर दाखवत असत. यंदा आम्ही पाहिलेल्या बहुतेक पत्रकांतून ती काढून टाकली आहेत आणि त्या जागी आउटलेट मॉल आला आहे. ज्यांनी स्मारक ठेवले, त्यांनी पुढे 'फोटो स्टॉप, दहा मिनिटे' एवढेच छापले आहे. विचारले तर तीन उत्तरे मिळतात. लोकांची मागणी नाही, ती इंग्रजांची दफनभूमी आहे, आणि आपल्या भागातले तिथे कोणी नाही. ही तिन्ही उत्तरे आम्हाला मान्य नाहीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे मराठवाड्यातले काही माजी सैनिक, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या जवानांच्या घरची माणसे आणि अशा स्मारकांच्या नोंदी चाळून लोकांना नावे शोधून देणारे काही जण. ज्यांना घरच्यांच्या हातचा अग्नी मिळाला नाही, ज्यांच्या अस्थी गोदावरीत पोहोचल्या नाहीत, त्यांचे नाव दगडावर कोरलेले असे सहसा जगात एकच ठिकाण असते. तुमची बस पॅरिसहून लील मार्गे निघते, तेव्हा न्यूव्ह शापेल महामार्गापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर राहते. बसमधल्या नातवाला, पणतवाला त्याचा पत्ताही लागत नाही. आमचे दुखणे हे आहे.

'इंग्रजांची दफनभूमी' या उत्तरापासून सुरुवात करू. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर नावे भारतीय फौजेतल्या माणसांचीच आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर जे पडले आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठे झाली हे कधी कळले नाही, अशा ४,७०० हून अधिक सैनिकांची आणि मजूर तुकड्यांतल्या माणसांची ही नावे आहेत. १० ते १३ मार्च १९१५ या दिवसांत याच गावासाठी भारतीय पलटणी लढल्या, म्हणून जागा ही निवडली गेली. रचना हर्बर्ट बेकर यांची, उद्घाटन ७ ऑक्टोबर १९२७ चे. आवार गोल आहे. एका अर्ध्या बाजूला कोरीव दगडी जाळी आणि दुसऱ्या बाजूला नावांची भिंत. समोर सुमारे पंधरा मीटर उंच स्तंभ, त्यावर कमळ, खाली दोन्ही अंगांना दोन वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, अशा अर्थाची ओळ तिथे इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहे. आपल्या पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावात अक्षरशः कापल्या गेल्या. त्या पलटणीत मराठी माणसे होती. अशा जागेला इंग्रजांची म्हणणे हे अज्ञान आहे आणि ते ग्राहकापर्यंत पोहोचवले जात आहे, ही आमची पहिली तक्रार.

मेनिन गेटवर ५४,००० हून अधिक नावे आहेत. त्यांत ब्रिटिश, कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे आणि भारतीयही आहेत. १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही गेलेल्या सैनिकांच्या मानवंदनेची धून वाजते. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होते तेवढाच खंड. शेजारच्या तटबंदीवरच्या हिरवळीवर अशोकस्तंभाच्या सिंहांचे भारतीय स्मारक आहे. वीस पावलांवरचे हे स्मारक दाखवायला बहुतेक टूर मॅनेजर विसरतात.

जिथे खरोखर कबरी आहेत, तिथलेही थोडे सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ पासून या जागा सांभाळते. तिच्या खर्चात सहा देशांचा वाटा आहे, त्यांत भारत एक. म्हणजे देखभालीत आपलेही पैसे आहेत. सगळ्यांचा दगड सारख्याच मापाचा, ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ रुंद, मग तो कर्नल असो की शिपाई. हिंदू जवानाच्या दगडावर माथ्याला देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेले असते, मुसलमान जवानाच्या दगडावर अरबी ओळ, शिखाच्या दगडावर गुरुमुखी. खाली नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी वेगळी दहनस्मारके आहेत. म्हणून 'स्मशानात कशाला न्यायचे, अशुभ' हा आक्षेप न्यूव्ह शापेलला तर लागूच होत नाही. तिथे फक्त नावे आहेत. ज्यांच्या मनाला तरीही पटत नसेल त्यांनी बाहेर थांबावे, कोणी आग्रह करणार नाही. पण चाळीसांपैकी चार जणांच्या शंकेसाठी छत्तीस जणांचा कार्यक्रम रद्द करू नये.

आता दुसरे उत्तर : आपल्या भागातले तिथे कोणी नाही. हे उत्तर सगळ्यात जास्त खुपते. कोणी नाही असे नाही, कोणी शोधलेले नाही. आणि मराठवाड्यातल्या माणसाचा शोध सातारा-कोल्हापूरकडच्या माणसापेक्षा अवघड का जातो, हे समजून घेतले पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे नोंदीत 'मुंबई इलाखा' शोधणाऱ्याला आपला माणूस सापडत नाही. 'हैदराबाद' किंवा 'डेक्कन' घालून पाहावे लागते. जिल्ह्यांची गोष्ट तर आणखी फसवी. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये जिल्हा झाला. १९४४ मध्ये पडलेल्या शिपायाच्या नावापुढे हे जिल्हे कुठून येणार? लातूरकराने उस्मानाबाद घालून पाहावे, हिंगोलीकराने परभणी, जालनेकराने औरंगाबाद. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, हे तर आज तिथल्या तरुणांनाही ठाऊक नसते. बीडचे जुने इंग्रजी रूप 'भीर' असे आहे. सरहद्दीवरच्या तालुक्यांतली माणसे नगर-सोलापूरच्या नावाखाली नोंदली गेल्याचाही संभव धरावा.

कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध फुकट घेता येतो. तिथे आडनावाचा रकाना आहे आणि बहुतेकांचा शोध तिथेच अडतो, कारण अनेक भारतीय शिपायांची आडनावे नोंदलेलीच नाहीत. नाव आणि वडिलांचे नाव, बस्स. जिथे आडनाव आहे तिथे एकाच जाधवांची इंग्रजीत चार-पाच रूपे आहेत. म्हणून आडनाव रिकामे ठेवून लष्करी नंबराने शोधावे. नंबर नसेल तर पलटण आणि मृत्यूचे वर्ष घालून यादी उघडावी, आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून पाहावे. सापडले की पानावर स्मारकाचे नाव आणि पॅनेल किंवा कॉलमचा क्रमांक येतो. तो क्रमांक लिहून घेतल्याशिवाय निघू नये. भिंतीवरची नावे आधी पलटणीनुसार, मग हुद्द्यानुसार, मग इंग्रजी वर्णक्रमाने असतात. क्रमांक हाती असेल तर पाच मिनिटांत नाव सापडते. नसेल तर तास जातो आणि तरी हात रिकामेच राहतात.

नंबर कुठे मिळतो? घरातच. जुन्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे खाचा असतात त्या जागी, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर ती असते आणि दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौजांना दिलेल्या पदकांवरही. भिंगाने, तिरप्या उजेडात पाहावी. दसऱ्याला शस्त्रे-भांडी उजळताना ही पदकेही चिंच लावून, राखेने घासली जातात आणि कडेची अक्षरे झिजून जातात. कृपा करून तुमच्या ग्राहकांना सांगा, पदक घासू नका. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या वारसांना सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी दिली जात असे. तिच्यावर फक्त नाव असते, नंबर-पलटण नसते, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. पेन्शनचे कागद, डिस्चार्ज बुक उर्दूत असेल तर ते टाकून देऊ नये. संभाजीनगर, नांदेड, परभणीत उर्दू वाचणारी वडीलधारी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. एका दुपारी काम होते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. न्यूव्ह शापेल सर्वांना विकू नका. मराठा पलटणींतल्या पहिल्या महायुद्धातल्या फार मोठ्या संख्येचा मृत्यू फ्रान्समध्ये नव्हे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांच्यातल्या बेपत्तांचे स्मारक बसऱ्याला आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते उभारले, पण भारतीय शिपायांची नावे तिथल्या भिंतीवर कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांची नुसती संख्या. कमिशनच्या स्वतःच्या चौकशी समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे कबूल केले. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमानतेने झाले, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावानिशी किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात आहे. यांत भारतीय आणि आफ्रिकी मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा ज्याचा पणजोबा कुतला गेला, त्याला 'फ्रान्सला चला, तिथे नाव असेल' म्हणून बुकिंग घेणे ही फसवणूक आहे, अजाणता झाली तरी. त्याला आधी नोंद शोधून द्या. नाव कुठेच नसेल तर पुराव्यानिशी कमिशनकडे अर्ज करता येतो, हे सांगा.

तिसरे उत्तर, मागणी नाही. तुमच्या बुकिंग फॉर्मवर जैन जेवण हवे का, व्हीलचेअर लागेल का, खोलीत जोडीदार कोण, हे सारे विचारलेले असते. घरातले कोणी परदेशात युद्धात गेले होते का, हा एक प्रश्न नसतो. न विचारता मागणी कळणार कशी?

आता 'दहा मिनिटां'चा हिशोब मांडतो. न्यूव्ह शापेलचे स्मारक वर्दळीच्या चौरस्त्यावर आहे. बस कडेला लावून चाळीस माणसे, त्यांत निम्मी साठीच्या पुढची, सांभाळून उतरवायलाच दहा मिनिटे लागतात. अशा बहुतेक ठिकाणी स्वच्छतागृह नसते. म्हणून त्याआधी महामार्गावरच्या थांब्यावर सोय उरकून घ्यावी लागते. ते केले नाही की अर्धा ग्रुप खालीच उतरत नाही. वरच्या ओळींतली नावे डोळ्यांच्या बरीच वर असतात, मोबाइलचा झूम किंवा साधी दुर्बीण लागते. फोटोसाठी ऊन बाजूने पडले पाहिजे. समोरून आले की उथळ अक्षरे दिसेनाशी होतात. तेव्हा हाताने थोडे पाणी शिंपडले तर अक्षरे गडद होतात. खडू, पावडर, फेस काहीही चोळू नये. आधी पॅनेलचा क्रमांक येईल असा एक फोटो, मग नावाचा जवळून. आवाराच्या भिंतीत काशाच्या छोट्या दाराचा कप्पा असतो, त्यात नोंदवही आणि अभिप्रायवही ठेवलेली असते. वहीत मराठीत लिहावे, गाव-तालुक्यासह. पुढच्या वर्षी तिथे जाणाऱ्या आपल्या माणसाला ते वाचायला मिळते. दार नीट लावावे, नाहीतर पावसाने वही भिजते. हे सगळे नीट करायला सव्वा तास लागतो, आणि आम्ही सव्वा तासच मागतो आहोत.

वेळ कुठून आणायचा, हेही सांगतो. युरोपात कोचचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे, आणि दिवसाला चालवणे नऊ तासांचे. आठवड्यात दोनदाच दहा. पॅरिसहून न्यूव्ह शापेल साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे थांब्यासह साडेतीन तास. चालकाची सक्तीची विश्रांती स्मारकावरच होऊन जाते. तिथून ईपर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, ईपरहून ब्रसेल्स सुमारे सव्वाशे. सरळ रस्त्यापेक्षा ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा फेर पडतो, एवढेच. अडचण येते ती रात्री आठच्या 'लास्ट पोस्ट'ची. सकाळी आठला निघालेला चालक रात्री साडेदहाला ब्रसेल्सला पोहोचला तर त्याचा दिवस साडेचौदा तासांचा होतो आणि दुसऱ्या दिवशीचे निघणे बिघडते. काही आयोजकांनी हे न मोजताच कार्यक्रम छापला, चालकाने नकार दिला, आणि मग 'मेनिन गेट जमत नाही' असा समज पसरला. उपाय सोपा आहे. त्या रात्रीचा मुक्काम ब्रसेल्सऐवजी ईपर, कोर्त्रेक किंवा लीलला करा. मुक्काम बदलता येत नसेल तर दुपारी मेनिन गेट दाखवा आणि पत्रकात 'दुपारची भेट' असे स्पष्ट छापा.

'लास्ट पोस्ट'ला साडेसातच्या आत पोहोचावे, नाहीतर मागे उभे राहून काही दिसत नाही. तिथे टाळ्या वाजवत नाहीत, घोषणाही देत नाहीत. ग्रुपतर्फे पुष्पचक्र वाहायचे असेल तर आयोजक संस्थेकडे आधी अर्ज करावा लागतो. ऐनवेळी परवानगी मिळत नाही. या तीन ओळी टूर मॅनेजरने बसमध्ये सांगितल्या तरी पुरे.

विधींबाबत लोक भाबडेपणाने बरेच काही घेऊन निघतात आणि विमानतळावर किंवा स्मारकावर अडचणीत येतात. गावची माती युरोपीय संघात नेता येत नाही. परत येताना तिथली मातीही भारतात परवान्याशिवाय आणता येत नाही. फुलांच्या हाराला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा हार नेऊच नये, फुले तिथेच घ्यावीत. पेढे, तूप, दुधाचे काहीही चालत नाही. नारळ मात्र चालतो. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाच फळांना प्रमाणपत्रातून सूट आहे. स्मारकाच्या दगडावर नारळ फोडू नये. हळद-कुंकू, गुलाल, तेल लावू नये. तो चुनखडीचा दगड असतो, तेल आत शिरते आणि डाग जन्मभर राहतो. पणती-अगरबत्तीच्या काजळीचेही तसेच. फुले पायथ्याशी सुटी ठेवावीत, तारा आणि प्लास्टिक काढून. हात जोडावेत, नाव मोठ्याने उच्चारावे, हवे तर घरून नेलेला फोटो दोन मिनिटे भिंतीला टेकवून ठेवावा. आपल्या रीतीत एवढे पुरेसे आहे.

युरोप न करणाऱ्यांचे काय? सिंगापूरला तर आपल्या भागातून लोक दरवर्षी जातात. तिथल्या क्रांजी युद्धस्मारकावर २४,००० हून अधिक नावे आहेत, मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या, लढाईत बेपत्ता झालेल्या भारतीयांची त्यांत मोठी संख्या. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्री जपानी फौजा कोटा भारूला उतरल्या, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या राखणीला हैदराबाद संस्थानची पलटण होती, म्हणजे आपल्याच राज्याची. क्रांजी हे मेट्रो स्टेशन आहे, तिथून पंधरा मिनिटे चालत. आणि तुमचा नाइट सफारीचा कार्यक्रम ज्या मंडाईला असतो, ते तिथून काही किलोमीटरवर. नाइट सफारी सातनंतरची, क्रांजी सहाच्या आसपास बंद. दुपारी चारला हॉटेलमधून निघालात तर दोन्ही होते, बसचे वेगळे भाडे लागत नाही. मर्लायनपासून थोड्याच अंतरावर एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे, तीही दाखवा. इंग्रजांनी १९४५ मध्ये परत येताच मूळ स्मारक पाडले होते. दोन्ही बाजूंनी लढलेली आपलीच माणसे एका दिवसात पाहता येतात, आणि दोन्ही पाहायला हवीत.

इटलीत रोम ते नेपल्स-पाँपे या वाटेवर कासिनो लागते, रोमहून साधारण एकशे तीस-चाळीस किलोमीटर. तिथल्या स्मारकावर नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे जवान १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून, वयाच्या बाविसाव्या वर्षी. पेरुजाजवळच्या मोंतोने गावाने जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. परक्या गावाने जे केले त्याची दखल मराठी सहल घेत नाही, याचे वाईट वाटते.

श्रीलंकेच्या सहलींबद्दल सर्वांत कळकळीने सांगायचे आहे. कोलंबोलगत श्री जयवर्धनेपुर कोट्टे येथे १९८७ ते १९९० मधल्या भारतीय शांतिसेनेचे स्मारक आहे, सुमारे बाराशे नावांचे. ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. अशा जवानांच्या पत्नी, भाऊ, मुले आज हयात आहेत. कोलंबोत खरेदीला अर्धा दिवस देता, त्यातला एक तास इथे द्या.

एक आक्षेप आम्हालाही ऐकवला जातो. ही माणसे इंग्रजांसाठी, निजामासाठी लढली, त्यांचे काय एवढे? मुक्तिसंग्रामाच्या भूमीत हा प्रश्न येणारच, आणि तो मनापासून येतो. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याने निजामाच्या रझाकारांशी झुंज दिली त्याचे स्थान वेगळे आणि ते कोणी कमी करू शकत नाही. पण दुष्काळाच्या वर्षी पगारासाठी, पेन्शनसाठी पलटणीत नाव घातलेला कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा राज्यकर्ता नव्हता. हैदराबाद लान्सर्सचे स्वार म्हैसूर आणि जोधपूरच्या स्वारांबरोबर ज्या ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाइनला होते, त्या ब्रिगेडने २३ सप्टेंबर १९१८ ला हैफा हे आजच्या इस्रायलमधले शहर घेतले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा आहे. आपण त्यांना विसरलो तर ती निजामाला शिक्षा होत नाही, त्या शेतकऱ्याच्या घराला होते.

पैशांबद्दल थोडक्यात. कमिशनच्या कोणत्याही दफनभूमीत वा स्मारकावर प्रवेशशुल्क नाही. तरी काही पत्रकांत 'मेमोरियल व्हिजिट, ऑप्शनल' म्हणून माणशी वेगळी रक्कम लावलेली दिसते. इंधनाचा किंवा वाढीव तासांचा खर्च असेल तर तो तसा लिहा. नावे पाहण्याचे तिकीट लावू नका.

तर आमच्या मागण्या अशा. युरोप, सिंगापूर, इटली आणि श्रीलंकेच्या प्रत्येक सहलीत त्या वाटेवरचे किमान एक भारतीय युद्धस्मारक कार्यक्रमातच धरावे, ऑप्शनल म्हणून नव्हे, आणि पत्रकात प्रत्यक्ष थांब्याची वेळ छापावी, ती एका तासापेक्षा कमी नसावी. बुकिंग फॉर्मवर कुटुंबातल्या सैनिकाचा रकाना घालावा. ज्याने तो भरला त्याची नोंद सहलीच्या दोन महिने आधी शोधून द्यावी आणि स्मारकाचे नाव व पॅनेल क्रमांक त्याच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवावा. नोंद तुमच्या वाटेवर नसेल तर पैसे घेण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे. टूर मॅनेजरला निघण्यापूर्वी एकदा खडकीच्या युद्धस्मशानभूमीत न्यावे; संभाजीनगरहून सकाळी निघून रात्री परत येता येते, आणि दगडांची माप-रचना, नोंदवहीचा कप्पा, ओळींचे क्रमांक हे सारे तिथे हाताशी पाहायला मिळते. वर लिहिलेल्या विधींच्या आणि कस्टमच्या सूचना सहलीपूर्वीच्या बैठकीत मराठीत छापून वाटाव्यात. आणि ज्याचे नाव भिंतीवर सापडले आहे त्या कुटुंबाला, बाकीचा ग्रुप बसमध्ये परतल्यावरही, आणखी दहा मिनिटे एकांतात द्यावीत.

नोंदी शोधण्याचे, जुने कागद वाचून देण्याचे आणि टूर मॅनेजरांना शिकवण्याचे काम आम्ही विनामूल्य करू. उन्हाळी सहलींची पत्रके दिवाळीच्या आसपास छापायला जातात. त्याआधी तुमचा होकार किंवा नकार जाहीरपणे, वर्तमानपत्रात किंवा तुमच्याच माहितीपत्रकात, कळवावा ही विनंती.

कळावे,
आपले,
मराठवाड्यातील काही माजी सैनिक, सैनिकांची कुटुंबे आणि युद्धस्मारकांच्या नोंदींचे अभ्यासक
छत्रपती संभाजीनगर